दुखतं, म्हणजे काय होतं?



पाचोऱ्यातल्या आमच्या बैठकीत यावेळी विषय वेगळाच ठरला होता, पण बोलणं वळलं ते दुखण्याकडे. एकीला डॉक्टरांनी पेन क्लिनिकची चिठ्ठी दिली आहे. चार वर्षं कंबर आणि डावा पाय. कापूस वेचायला वाकली की सरळ होता येत नाही. तिथं करतात काय, सुया टोचतात का, आणि 'तुला काही झालेलं नाही' म्हणून परत तर पाठवणार नाहीत? शेवटचा प्रश्न तिनं हळूच विचारला. खरा प्रश्न तोच होता.

ही भीती उगाच नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आले : शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. सोसणं म्हणजे चांगलं वळण, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. आणि बोललं, तरी ऐकून घेतलं जातंच असं नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं.

पेन क्लिनिक बहुतेक ठिकाणी भुलीचे डॉक्टर चालवतात. पहिल्या भेटीत बराचसा वेळ प्रश्न विचारण्यात जातो, कारण दुखणं फोटोत दिसतंच असं नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतं म्हणतो, त्याचा मान राखला पाहिजे. तेव्हा तयारी करायची ती सांगण्याची.

आपण 'कंबर दुखस' म्हणून थांबतो. खरं तर शब्दांची आपल्याकडे काय कमी आहे? ठणका, कळ, चमक, ठुसठुस, रग, जळजळ, मुंग्या. यातला नेमका शब्द डॉक्टरांना उपयोगी पडतो. जळजळ, मुंग्या, करंट बसल्यासारखं होणं, यावरून दुखणं नसेचं असावं असा अंदाज येतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात. शून्य ते दहात किती, असं विचारतील. आकडा सुचेना तर रुपयात किती आणे ते सांगा. त्याहून बरं म्हणजे काय अडतं ते सांगा : भरलेली घागर उचलता येत नाही, रात्री कूस बदलताना जाग येते. आठ दिवस आधीपासून वहीत टिपून ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, ती लिहील.

जुने कागद, फोटो तर न्याच, पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची पाकिटंही न्या. लाज वाटते म्हणून हीच नेमकी घरी राहतात. रोजच्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांना दिसायलाच हव्यात. साखर, रक्त पातळ करायची गोळी, दिवस गेल्याची शंका, हे इंजेक्शनच्या आधी सांगा.

सोबत कोण, हाही प्रश्नच आहे. मालक आले की बहुधा तेच बोलतात, 'हिला जरा कंबरेचा त्रास आहे.' त्या 'जरा'त चार वर्षं बुडतात! पाळीचं, अंगावरून जाण्याचं, मारहाणीचं काही सांगायचं असेल, तर दहा मिनिटं एकटीनं बोलायचं आहे असं डॉक्टरांना सरळ म्हणा. मैत्रीण नेली तर उत्तमच.

आणखी एक. कधीकधी तिथं उदासीवर वापरतात तीच गोळी कमी प्रमाणात देतात. नसेच्या दुखण्यावर तिचा उपयोग होतो. घरात कुणी पाकीट वाचून 'वेड्याची गोळी' म्हटलं, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. आपल्या मनानं ती बंद करू नका. किती दिवसांनी फरक पडेल, झोप येते का, पुढची तारीख कोणती, हे तिथंच विचारून वहीत लिहून घ्या.