जार भरतो कुणाच्या पाण्यावर?

गेल्या लग्नसराईत जुन्नरजवळच्या एका मांडवात २० लिटरच्या थंड पाण्याच्या जारची रांग पाहिली. पूर्वी तिथे माठ आणि पिंपे असत. पाणी कुठले, असे मी वाढप्याला विचारले. ‘बोअरचं, दुसरं कुठलं?’ तो म्हणाला. बोअर कुठल्या गावचे, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते.

नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि त्याच वाटेवर वाटसरूंसाठी कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. जकात मालावर होती. पाण्यावर होती असे कुणी सांगत नाही!

वास्तविक या मुलखात धरणांना तोटा नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावात डिंभे. तरी पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि पूर्वेचे आणे पठार कालव्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहे. अशा गावांची भिस्त विहिरीवर. इथल्या काळ्या कातळात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. भेग एकच असली की एकाच्या खोल बोअरने दुसऱ्याच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. जारचा खप नेमका उन्हाळ्यातच वाढतो. त्यात शुद्धीकरणाच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी वेगळेच. उसाचा उपसा याहून कितीतरी मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण म्हणून जारवाल्याचा हिशेब माफ होत नाही.

राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घातले. त्याची जागा २००९ च्या कायद्याने घेतली; तो २०१४ मध्ये लागू झाला. म्हणजे कायदा आहे. पण जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणीही आपलेच वाटते. केरळात प्लाचिमडा येथे शीतपेयाच्या कारखान्याविरुद्ध हाच वाद झाला. २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही लोकांची ठेव मानली. २००५ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. कारखाना मात्र २००४ मध्येच बंद पडला होता.

माझे मागणे साधे आहे. विक्रीसाठी पाणी उपसणाऱ्या प्रत्येक बोअरला मीटर बसवावा, त्याचा आकडा दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि गावच्या विहिरीने तळ गाठला की ग्रामसभेच्या ठरावावर तो पंप थांबावा. मीटर वाचायचे काम विहिरीवर रांग लावणाऱ्या बायकांच्या बचत गटाकडे द्यावे.