नखांना ६ महिने द्या

पार्लरमध्ये जेल काढायला येणाऱ्या बायकांची नखं पातळ झालेली दिसली की मी सरळ सांगते, "आता थोडे महिने टिकाऊ नेलपॉलिशच लावा." मैत्रिणी म्हणतात, "अगं, स्वतःच्या धंद्यावर कशाला पाणी सोडतेस?"

जेल दिव्याखाली कडक होतं, २ आठवडे चकाकतं. पण काढताना १०-१५ मिनिटं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवायचा धीर असतो कुणाला? घरीच खरवडतात, आणि नखाचा पापुद्राही सोबत निघतो. कातडीसारखं नख भरून येत नाही हो! महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून नवं यायला ६ महिने लागतात.

टिकाऊ पॉलिशला दिवा नको, साध्या रिमूव्हरने निघतं. टिकतं मात्र आठवडाभर, भांडी घासणाऱ्या हातांवर त्याहून कमी. हे आधीच सांगावं, नाहीतर चौथ्या दिवशी टवका उडाला की आपल्याच नावाने बोटं मोडतात!

जेल वाईट नाही. नखं धड असतील तर लग्नाला खुशाल लावा. पण पातळ नखावर पुन्हा जेल म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग. त्याचे पैसे जास्त मिळतात खरे, पण मला ते घ्यावेसे वाटत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?