शब्दांची शाळा : 'ढ' शब्दाची गोष्ट



परवा चौथीच्या वर्गाला 'माझी आजी' या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला दिली. एका मुलीनं लिहिलं, 'माय ग्रँडमदर इज नाइस. हर सारी इज नाइस. हर फूड इज नाइस...' पाचही वाक्यांत नाइस! मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. तीसुद्धा हसली, पण वही घेताना तिचे डोळे भरून आले होते.

चुकलं माझंच. तिच्याजवळ इंग्रजीतला चांगला असा एकच शब्द होता आणि तो तिनं आजीला दिला होता.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला आणि चाटच पडले! हा 'नाइस' आला कुठून, ठाऊक आहे? मूळ शब्द लॅटिन, 'नेस्कियुस'. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो, म्हणजे अडाणी! गंमत म्हणजे 'सायन्स' हा शब्दही याच 'स्किरे'पासून झाला. एकाच घरातले दोघं, एक हुशार नि एक ढ!

हा शब्द फ्रेंचमधून सुमारे 1300 साली इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असाच होता. पुढे तो बुजरा झाला, मग चोखंदळ, मग काटेकोर, सूक्ष्म. आजही 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीकसा फरक. 'छान' हा अर्थ अठराव्या शतकात रुळला आणि मग जो तो उठसूट नाइस म्हणू लागला. जेन ऑस्टिन या लेखिकेनं 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत (1817) या सवयीची छान थट्टा केली आहे.

आपल्याकडेही असं होतं बरं का! संस्कृतात 'साहस' म्हणजे अविचारानं किंवा बळजबरीनं केलेलं कृत्य. आज मराठीत साहसी मुलाचं आपण कौतुक करतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट सांगितली आणि सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "काल माझं चुकलं. आता सांग, आजी कशी आहे?" ती म्हणाली, "बाई, ती भाकरीचा पापुद्रा मलाच देते. तिची साडी मऊ आहे." मी फळ्यावर लिहिलं : काइंड, सॉफ्ट, टेस्टी. तिनं चार वाक्यं बदलली. पहिलं मात्र तसंच ठेवलं : 'माय ग्रँडमदर इज नाइस.'

त्यावर मी बरोबरची खूण केली.

आता तुमचं काम. आवडत्या माणसाबद्दल इंग्रजीत चार वाक्यं लिहा. 'नाइस' एकदाच वापरायचा हं! आणि हो, 'मोअर नाइस' लिहू नका. 'नाइसर', 'नाइसेस्ट' लिहा.

भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या शब्दासह.

तुमच्या बाई