समोरची मोकळी जागा कोणाची?

रविवारी सकाळचा दुसरा चहा घेताना घरांच्या जाहिराती वाचायची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. घ्यायचे काहीच नसते. दोन खोल्यांच्या फ्लॅटचे हप्ते फेडताना ज्यांच्या नाकी नऊ आले आहेत, अशी मंडळीही सात शयनगृहांच्या बंगल्याचा फोटो निरखून पाहतात, किंमत वाचून हसतात आणि पान उलटतात. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांच्या घरी या करमणुकीला हल्ली कॅलिफोर्नियाचा विषय मिळाला आहे. त्यातही पेबल बीचचे नाव निघाले, की किंमत ऐकून आजोबा चष्मा काढून पुसतात.

जाहिरात साधारण ठरलेली असते. समोर पॅसिफिक महासागर, शेजारी यूएस ओपनसारखी अजिंक्यपदाची स्पर्धा जिथे होते ते गोल्फचे मैदान, दगडी शेकोटी, काचेच्या भिंती आणि मावळत्या सूर्याचा फोटो. किंमत दोन-तीन कोटी, कधी त्याहूनही वर. आणि रुपये नव्हे, डॉलर. म्हणजे आपल्या हिशेबाने दीडशे-अडीचशे कोटी रुपये. एवढ्या पैशात माणूस नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचे उत्तर आपल्या कोकणापर्यंत येऊन पोहोचणारे आहे. म्हणून आज त्याचा थोडा पाठपुरावा करू.

सॅन होजे किंवा सनीव्हेलला मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना एखाद्या शनिवारी ‘सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह’ दाखवायला नेतात. नाक्यावर मोटारीचे दहा-बारा डॉलर द्यावे लागतात. रस्त्यावरून जायचे पैसे कसले, असे वडील विचारतात. प्रश्न बरोबर असतो. पेबल बीच हे नगरपालिका असलेले शहर नाही; माँटेरे परगण्यातला तो एक भाग आहे आणि तिथले बहुतेक रस्ते एका खासगी कंपनीच्या मालकीचे आहेत. सायकलवाल्याला मात्र पैसे पडत नाहीत. पुढे गेले, की ग्रॅनाइटच्या सुळक्यावर एकटे उभे असलेले सायप्रसचे झाड लागते. कंपनीचे बोधचिन्ह तेच. हे म्हातारे झाड पोलादी तारांनी सावरून धरले आहे आणि २०१९च्या फेब्रुवारीतल्या वादळात त्याची एक मोठी फांदी गेली. सगळे जण तिथे फोटो काढतात. त्यानंतर हिरवेगार मैदान, त्यापलीकडे निळे पाणी आणि अलीकडे, झाडांच्या आड, ती घरे.

आता नीट पाहिले तर लक्षात येते, की या घरांतली महाग वस्तू घरात नाहीच. ती घरासमोर आहे. लाकूड, काच, संगमरवर हे सारे इतरत्रही मिळते. मिळत नाही ती समोरची मोकळी जागा आणि ती उद्या बुजणार नाही याची खात्री. मुंबईत ‘सी फेसिंग’ म्हणून आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या फ्लॅटसमोर पाच वर्षांत दुसरा टॉवर उभा राहतो आणि समुद्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केल्यावर बोटभर दिसतो, हे दुःख ज्यांनी सोसले आहे, त्यांना या खात्रीची किंमत समजावून सांगायला नको. गोल्फचे मैदान म्हणजे तशी हमीच. त्यावर कोणी इमारत बांधत नाही.

ही हमी कशी तयार झाली, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ही सारी जमीन रेल्वेच्या धनिकांनी काढलेल्या पॅसिफिक इम्प्रूव्हमेंट कंपनीची होती. १९१५ मध्ये ती विकून मोकळे होण्याच्या कामावर सॅम्युएल मॉर्स या तरुणाची नेमणूक झाली. किनाऱ्यालगत लहान लहान भूखंड पाडून विकायचे, हा आधीचा बेत. कुठल्याही जमीनविक्याने तेच केले असते. मॉर्सने उलटा विचार केला. किनारा गवताला द्यायचा आणि घरे मागे सरकवायची. जे भूखंड आधीच विकले गेले होते, ते परत घेण्याचा त्याने सपाटा लावला. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोन हौशी खेळाडूंकडून आखणी करून घेतली आणि १९१९ मध्ये मैदान सुरू झाले. त्याच वर्षी मॉर्सने स्वतःची कंपनी काढली.

एक तुकडा मात्र त्याच्या हाती लागला नाही. साडेपाच एकरांच्या आसपासचा, कड्यावरचा. मालक देईना. त्यामुळे पाचवा होल समुद्र सोडून आत, चढणीवर न्यावा लागला. खेळाडू जवळजवळ ऐंशी वर्षे कुरकुरत तो चढ चढले. अखेर १९९५ मध्ये कंपनीने ती जागा नव्वद लाख डॉलरच्या घरात किंमत मोजून मिळवली, जॅक निकलसने नवा होल आखला आणि १९९८ मध्ये तो खुला झाला. ज्यांनी ऐंशी वर्षे ‘नाही’ म्हटले, त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे, की ज्यांनी ऐंशी वर्षे वाट पाहिली त्यांच्या? काहीही म्हणा, किनाऱ्यावरच्या एका तुकड्याचे मोल काय असते, ते यातून कळते.

इथवरची गोष्ट धंद्याच्या हुशारीची झाली. पण समोरची जागा मोकळी राहिली ती केवळ मॉर्सच्या दूरदृष्टीने, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मालक बदलतात. १९९० मध्ये मिनोरू इसुतानी या जपानी उद्योजकाने पेबल बीच विकत घेतले. किंमत ८४ कोटी डॉलरच्या आसपास असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. एवढे पैसे वसूल करायचे तर काय करायचे? त्यांची योजना अशी, की लाखो डॉलर घेऊन मोजक्या धनिकांना मैदानाचे खासगी सभासदत्व विकायचे. आजवर जो शुल्क भरेल त्याला खेळता येत होते; आता आधी सभासद, मग उरलेले. या बेताच्या आड आला तो कॅलिफोर्नियाचा किनारा आयोग. लोकांचा प्रवेश आक्रसतो, अशी त्याची हरकत होती. योजना बारगळली आणि १९९२ मध्ये इसुतानींनी सारी मालमत्ता ५० कोटींच्या आसपास किमतीला विकली. १९९९ मध्ये पीटर युबेरॉथ, क्लिंट ईस्टवुड आणि अर्नोल्ड पामर यांच्या गटाने तीच ८२ कोटींना घेतली.

हा आयोग आकाशातून पडला नव्हता. किनारा घरांनी आणि हॉटेलांनी झाकला जातो आहे, हे पाहून १९७२ मध्ये लोकांनी मतदान करून तो निर्माण केला. पुढे १९७६ मध्ये किनारा कायदा झाला. तिथे सरासरी भरतीच्या रेषेखालची जमीन सार्वजनिक मानली जाते. म्हणजे बंगला कितीही कोटींचा असो, ओल्या वाळूवर चालणाऱ्याला कोणी हटकू शकत नाही. पण वाळूपर्यंत जायचे कसे? मधल्या जमिनी खासगी. म्हणून नवे बांधकाम करणाऱ्याकडून लोकांसाठी वाट मागून घ्यायची, अशी रीत आयोगाने पाडली. पेबल बीचलगतच स्पॅनिश बे हे मैदान १९८७ मध्ये सुरू झाले, ते पूर्वी वाळू उपसलेल्या जागेवर. तिथे वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या आणि लोकांसाठी किनाऱ्याने लाकडी पायवाट ठेवावी लागली. आपले आजोबा-आजी संध्याकाळी तिथे फुकट फिरतात. बाजूला शेकडो डॉलर मोजून खेळायला आलेली मंडळी असतात, आणि समुद्र दोघांना सारखाच दिसतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्याने घामाचा पैसा घालून घर घेतले, त्याच्या अंगणातून जगाने का जावे? हा प्रश्न गैरवाजवी नाही. व्हेंचुरा परगण्यातल्या एका कुटुंबाला आपले जुने किनारी घर पाडून नवे बांधायचे होते. आयोगाने समोरच्या वाळूवरून लोकांना येजा करू देण्याची अट घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. बांधकामाने होणारे नुकसान आणि घातलेली अट यांचा काही संबंध असला पाहिजे. नाहीतर मोबदला द्या, असे न्यायालयाने बजावले. हा निकाल न्यायाचा आहे, असेच आम्हाला वाटते. कायद्याने सार्वजनिक हिताच्या नावाखाली मनमानी करू नये. पण धनिकही काही कमी नसतात. मालिबूत एका बड्या असामीने १९८३ मध्ये बांधकामाच्या परवानगीपोटी वाट द्यायचे कबूल केले. ती वाट प्रत्यक्षात उघडली २००५ मध्ये. बावीस वर्षे शब्द कागदावर आणि फाटक बंद!

आणखी एका गोष्टीचा हिशेब जाहिरातीत नसतो: निसर्गाचा. माँटेरे भागात पाण्याची टंचाई जुनी आहे. कार्मेल नदीचा उपसा मर्यादेबाहेर गेला, म्हणून राज्याच्या जलमंडळाने १९९५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये निर्बंध घातले. अशा ठिकाणी गवताला पिण्याचे पाणी घालणे शोभणारे नव्हते. १९९४ पासून तिथल्या मैदानांना सांडपाणी शुद्ध करून पुरवले जाऊ लागले. हे निश्चितच चांगले झाले. मात्र त्या प्रकल्पाला आर्थिक हमी देण्याच्या बदल्यात कंपनीला पाण्याचा हक्क मिळाला, आणि त्यातला काही भाग घरमालकांना विकून पुढे सुधारणांचा खर्च उभा राहिला, हेही ध्यानात ठेवावे. तिथे घराबरोबर पाण्याचा हक्कही मोजून घ्यावा लागतो.

समुद्र तर कोणाचेच ऐकत नाही. पेबल बीचचा अठरावा होल लाटांपासून वाचवायला धक्क्याची भिंत बांधावी लागली आहे. दक्षिणेला लॉस एंजेलिसजवळ रांचो पालोस व्हर्डेस येथे कड्यावर असेच मैदान तयार होत होते. २ जून १९९९ रोजी त्याचा अठरावा होल दरड कोसळून खाली गेला. मालकाचे दिवाळे निघाले आणि २००२ मध्ये ते डोनाल्ड ट्रम्प यांनी विकत घेतले. त्याच गावात २०२३ आणि २०२४ मध्ये जमीन इतक्या वेगाने सरकू लागली, की काचेचे प्रसिद्ध वेफेरर्स चॅपल उतरवून ठेवावे लागले. विमा कंपन्यांनीही हात आखडता घेतला आहे. २०२३ मध्ये स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे देणे थांबवले; वणव्यांचा धोका आणि वाढता बांधकामखर्च ही त्यामागची कारणे. दृश्य कायमचे असेल, जमीन कायमची असेलच असे नाही.

एवढे सारे सातासमुद्रापलीकडचे. आपल्याला त्याचे काय? तर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात हाच बाजार आता आपल्या दारात आला आहे. माडाच्या वाड्या विकल्या जात आहेत, ‘सी व्ह्यू व्हिला’चे फलक लागत आहेत. तेरेखोलच्या पठारावर गोल्फ मैदान आणि हॉटेल उभारण्याच्या प्रस्तावावरून कुळांनी आणि ग्रामस्थांनी २०१० नंतरच्या दशकात न्यायालयापर्यंत धाव घेतली. केंद्राने १९ फेब्रुवारी १९९१ला सागरी किनारा नियमन अधिसूचना काढली, तेव्हा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदी होती. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ती ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. म्हणजे समोरची मोकळी जागा आपल्याकडे आक्रसते आहे.

जमीन विकूच नका, असे कोकणातल्या माणसाला शहाणपण शिकवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, आईचे आजारपण यांपुढे वाडीची माया किती दिवस पुरणार? पण एक गोष्ट विकण्यापूर्वी करता येते. प्रत्येक किनारी गावात दोन वाड्यांच्या मधून, गडग्यांच्या आडोशाने समुद्राकडे जाणारी पाखाडी असते. तिच्यावरून कोळीण मासे घेऊन येते, पोरे पोहायला जातात, गणपती विसर्जनाला निघतात. ती कुणाच्या नावावर आहे, हे विचारायची वेळ आजवर आली नव्हती. नवा मालक आला, दगडी कुंपण पडले, लोखंडी फाटक बसले, की ती वेळ येते आणि तोवर उशीर झालेला असतो. खरेदीखत होण्याआधीच ती वाट त्यात लिहा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वहिवाट नोंदवून घ्या, गावाच्या नकाशावर दाखवून ग्रामसभेत ठराव करा. कॅलिफोर्नियाच्या लोकांना जे मतदानाने आणि कोर्टकचेऱ्यांनी, पन्नास वर्षे झगडून मिळवावे लागले, ते आपल्याकडे अजून शाबूत आहे. ते फक्त कागदावर यायचे आहे.

घर घेणाऱ्यालाही त्यात तोटा नाही. त्याने ज्या मोकळेपणासाठी पैसे मोजले, तो त्याच्या सातबाऱ्यावर नसतो. तो कायद्याने, शेजाऱ्यांनी आणि गावाने मिळून राखलेला असतो. त्या उपकाराची परतफेड म्हणून हातभर रुंदीची वाट सोडायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी कोकणात गेलात, की किनाऱ्याकडे उतरणारी ती पाखाडी मुलांना दाखवा आणि तिच्या तोंडाशी फाटक बसलेले नाही ना, तेवढे पाहून या.