चहाचे दुकान आणि जगप्रवास

जगप्रवास हा श्रीमंतांचाच छंद, अशी आपली समजूत असते. कोचीचे के. आर. विजयन आणि त्यांच्या पत्नी मोहना एक लहानसे चहाचे दुकान चालवीत. मिळकतीतून ते रोज सुमारे ३०० रुपये बाजूला ठेवीत. कमी पडल्यास कर्ज काढीत आणि परतल्यावर दुकानात राबून ते फेडीत. २०२१ मध्ये विजयन यांचे निधन झाले, तोवर या दांपत्याने २५ हून अधिक देश पाहिले होते. चहावाल्याला हे चोचले कशाला, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. कशासाठी काय सोडायचे, हे स्वतः ठरवणे म्हणजेच काटकसर. जग पाहण्याची ओढ गरिबालाही असते आणि कष्टाचा पैसा तिच्यावर खर्चण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.