'हायब्रिड' या शब्दाचा बाजार

जुन्या गाड्यांच्या बाजारात 'हायब्रिड' हा शब्द अर्धसत्य म्हणून विकला जातो. 2015 पासून सियाझ, अर्टिगा यांच्यावर 'स्मार्ट हायब्रिड' झळकले. त्यांतील छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. केंद्र सरकारने एप्रिल 2017 पासून अशा सौम्य हायब्रिडना 'फेम'च्या अनुदानातून वगळले. विक्रेत्यांनी मात्र शब्द सोडला नाही. ग्रँड विटारा तर 2022 मध्ये सौम्य आणि पूर्ण अशा दोन्ही रूपांत आली. नाव एकच!

पूर्ण हायब्रिड घेतानाही भौतिकशास्त्र विसरू नये. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळते ती शहरात, किंवा शिमल्याहून काल्क्याला उतरताना, तीही बॅटरी भरेपर्यंतच. द्रुतगती मार्गावर ब्रेकच क्वचित लागतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याची किंमत पेट्रोलच मोजते. ॲटकिन्सन चक्राच्या इंजिनाचा जो थोडा लाभ, तेवढाच. मग वर्षातील दोन कौटुंबिक सहलींसाठी चढा भाव का द्यावा? द्यायचाच असेल, तर सीट-कव्हर न्याहाळण्याआधी बॅटरीची हमी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाच्या नावे होते का, हे लेखी मागा.