वीजतारेवरचा निरोप : वेग कमी चालेल, चूक चालणार नाही

शेतीला तीन फेज वीज रात्रीच्या पाळीत मिळते तेव्हा पाणी देणाऱ्याला बॅटरी घेऊन बांधाबांधाने विहिरीपर्यंत जावे लागते. मोबाईल स्टार्टरने हा फेरा पुष्कळ ठिकाणी वाचवला आहे. परंतु डोंगराआडच्या शिवारात नेटवर्क नसते आणि तेथे घरबसल्या पंप सुरू करण्याची सोय कागदावरच राहते. विजेची तार मात्र अशा विहिरीपर्यंतही गेलेली असते. मग जी तार पंपाला वीज नेते, तिनेच निरोपही का नेऊ नये? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे. अडचण पुढे येते. असे साधन दाखवले गेले की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘वेग किती?’ शेतीच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम आहे. निरोप बिघडला तर हे साधन काय करते, हे आधी विचारले पाहिजे.

तारेवरून संदेश पाठवण्याची कल्पना नवी नाही. उच्चदाब वाहिन्यांवरून दोन उपकेंद्रांत बोलण्याची सोय १९२० च्या दशकातच झाली होती. तत्त्व सोपे आहे. वीज सेकंदाला ५० आवर्तनांनी वाहते. तिच्यावर सेकंदाला हजारो आवर्तनांचा अगदी क्षीण संकेत चढवायचा आणि दुसऱ्या टोकाला तो गाळून घ्यायचा. युरोपात या कामासाठी ३ ते १४८.५ किलोहर्ट्झ हा पट्टा ठरवून दिलेला आहे. इटलीने २००१ पासून सुमारे तीन कोटी आणि फ्रान्सने त्यानंतर ‘लिंकी’ या नावाने सुमारे साडेतीन कोटी मीटर याच मार्गाने वाचण्याची व्यवस्था उभी केली. यश मोठे आहे, पण ते गावठाणासारख्या दाट वस्तीतील घरांचे आहे. ते जसेच्या तसे शिवारात उतरेल असे मानणे घाईचे ठरेल.

वीजतार निरोपासाठी बनवलेली नाही, हे शिवारात लगेच लक्षात येते. मोटार सुरू होताना, कॉन्टॅक्टर आपटताना, सैल जोडावर ठिणगी उडताना तारेवर विद्युत-गोंगाट उसळतो. सौरपंपांच्या आणि वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या नियंत्रकांचा गोंगाट तर थेट याच पट्ट्यात पडतो. त्यात बहुतेक पंपांवर ऑटोस्विच असल्याने तीन फेज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी जवळजवळ एकदम उठतात. ज्या क्षणी ‘माझा पंप चालू झाला का?’ हे कळणे सर्वांत गरजेचे असते, नेमक्या त्या क्षणी तार सर्वांत गढूळ असते.

येथे त्रुटी-सुधारक संकेतावलीचे काम सुरू होते. संगणकी निरोप शून्य आणि एक अशा बिटांचा असतो. गोंगाटाने शून्याचा एक झाला की ‘बंद’चे ‘चालू’ होऊ शकते. त्यावरचा सर्वांत साधा उपाय टोकणीत दिसतो: उगवण कमी पडण्याची भीती असेल तेथे एका जागी दोन-तीन बिया टाकतात. तसाच प्रत्येक बिट तीनदा पाठवावा आणि बहुमत घ्यावे. शंभरात एक बिट चुकत असेल आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर या उपायाने चुकीचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीनवर येते. खर्च मात्र तिप्पट होतो. १९५० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रिचर्ड हॅमिंग यांनी यापेक्षा काटकसरीची युक्ती मांडली. चार बिटांना तीन पडताळणी बिट हिशेबाने जोडले, तर त्या सातांपैकी कोणताही एक बिट बिघडला तरी कोणता ते ओळखता येते आणि तो दुरुस्त करता येतो. त्रिवार पाठवण्याला जेथे बारा बिट लागतात, तेथे सातांत भागते. त्याआधी दोन वर्षे क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केले होते की वाहिनी कितीही गोंगाटाची असो, तिची एक क्षमता असते. त्या क्षमतेपेक्षा वेग कमी ठेवला तर चुकांचे प्रमाण हवे तितके खाली आणता येते. वेग सोडायचा आणि अचूकपणा घ्यायचा, हा सौदा अशा रीतीने गणितानेच मान्य केलेला आहे.

चुका मात्र वर गृहीत धरल्याप्रमाणे सुट्या पडत नाहीत. त्या गारपिटीसारख्या एका पट्ट्यावर कोसळतात. तारेवर सेकंदाला पाच हजार बिट जात असतील आणि ठिणगीचा झटका एक मिलीसेकंद टिकला, तर लागोपाठ पाच बिट जातात. म्हणजे एकाच बिटाच्या तिन्ही प्रती एका दमात नष्ट होतात आणि बहुमताला अर्थच उरत नाही. शिवाय असे झटके बऱ्याचदा विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला, सेकंदाला शंभर वेळा, ठरलेल्या जागी येतात. जुन्या कुटुंबांची जमीन शिवारात चार ठिकाणी विखुरलेली असे. गारपीट एका तुकड्यावर झाली तरी बाकीचे तुकडे वाचत. संदेशवहनातही तेच करतात. पाठवण्याआधी बिटांचा क्रम ठरलेल्या रीतीने विस्कटतात, पोहोचल्यावर तो पुन्हा लावतात; मग एका झटक्याचे नुकसान निरोपभर सुटे-सुटे पसरते आणि सुधारणेच्या आवाक्यात येते. त्याच्या जोडीला १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी दिलेली संकेतावली बिटांच्या गटांवर चालते, त्यामुळे गटातला एक बिट गेला काय किंवा सगळे गेले काय, ती एकच चूक धरते. बियाण्याच्या पिशवीवरचा क्यूआर कोड थोडा फाटला किंवा मातीने माखला तरी वाचला जातो तो याच संकेतावलीमुळे. सर्वांत भक्कम पातळीवर तो सुमारे ३० टक्के नुकसान सोसतो. लिंकी मीटरांच्या निमित्ताने विकसित झालेल्या ‘जी-३ पीएलसी’ पद्धतीत ही सगळी आयुधे एकत्र वापरली आहेत. तिच्या ‘रोबस्ट’ प्रकारात तर त्यावरही प्रत्येक बिट चारदा पाठवतात. वेग अर्थातच घटतो. पण पंपाला ‘चालू हो’ म्हणायला आणि ‘झालो’ असे उत्तर यायला मूठभर बिट पुरतात. शेतीला या तारेवरून चित्रपट पाहायचा नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र माहितीपत्रकांत क्वचितच सापडते. सुधारणा करणारी संकेतावली स्वतःच चुकू शकते. तीन प्रतींपैकी दोन बिघडल्या तर बहुमत खोट्याच्या बाजूने जाते आणि साधन ठाम विश्वासाने चुकीचा निरोप हाती देते. म्हणून दुरुस्ती झाल्यानंतर पडताळणीचे वेगळे कुलूप हवे. आधार क्रमांकातील बारावा अंक असेच काम करतो: एखादा अंक चुकला तर यंत्र क्रमांक नाकारते, बरोबर अंक कोणता हे सांगत नाही. निरोपाच्या शेवटी सोळा बिटांची अशी पडताळणी जोडली, तर पूर्ण विस्कटलेला निरोप खरा म्हणून स्वीकारला जाण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक एवढीच उरते. पडताळणीत नापास झालेला निरोप टाकून द्यावा आणि पुन्हा मागवावा. नांगे भरावेत तसे.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी म्हणेल. एका डीपीखालच्या सगळ्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाचा निरोप शेजाऱ्याच्या स्टार्टरपर्यंतही पोहोचतो. फक्त पत्ता वेगळा असतो आणि पत्ताही बिटांचाच असतो. त्यातला एक बिट फिरला आणि शेजारच्या विहिरीत मोटार दुरुस्तीला माणूस उतरलेला असेल, तर काय होईल हे सांगायला नको. न पोहोचलेला निरोप फार तर एक फेरा घालायला लावतो. चुकीचा पोहोचलेला निरोप जीव घेऊ शकतो. (दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच हाताने पाडून फ्यूज काढून ठेवण्याला कोणतीही संकेतावली पर्याय नाही, आणि मुद्दाम पाठवलेल्या खोट्या निरोपापासूनही ती वाचवत नाही. त्यासाठी निरोपाला निराळी सुरक्षा-किल्ली लागते.)

कित्येक अडचणी तर संकेतावलीच्या कक्षेतच येत नाहीत. पंपाला कपॅसिटर बसवा, असे विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत आणि ते योग्यच आहे. पण कपॅसिटरचा अडथळा आवर्तने वाढतील तसा कमी होतो. ५० हर्ट्झला तो जेवढा असतो, त्याच्या हजारांश ५० किलोहर्ट्झला उरतो. निरोपाच्या दृष्टीने तो जवळजवळ शॉर्टसर्किटच असतो. संकेत मोटारीपर्यंत जाण्याआधीच त्यात गडप होतो. जे पोहोचलेच नाही ते दुरुस्त कसे होणार? उपाय कपॅसिटर काढून टाकणे हा नव्हे; त्याच्या वाटेत योग्य चोक बसवणे हा आहे, आणि ते काम जाणकार वीजतंत्रज्ञाचेच आहे. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात कपॅसिटर जोडलेला होता की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी अडचण रचनेची आहे. युरोपातील शहरांत एका रोहित्राखाली शंभराहून अधिक घरे असू शकतात, त्यामुळे रोहित्राशी बसवलेल्या निरोप गोळा करणाऱ्या यंत्राचा खर्च वाटला जातो. आपल्याकडे उच्चदाब वितरण प्रणालीत एका छोट्या रोहित्रावर एक-दोनच पंप असतात. वीजपुरवठ्यासाठी ती रचना उत्तम आहे, पण निरोपासाठी प्रत्येक रोहित्राशी स्वतंत्र यंत्र लावणे परवडणारे नाही, आणि रोहित्र ओलांडून जाणारा संकेत आणखी क्षीण होतो. शिवाय पाळी संपली की फीडरच बंद. २०२१ च्या केंद्रीय सुधारणा योजनेतील २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांच्या लक्ष्यातून शेतीपंप वगळलेले आहेत. त्यामुळे वीज कंपन्या आपणहून ही सोय शिवारात आणतील, अशी वाट पाहण्यातही अर्थ नाही.

म्हणून सुरुवात संपूर्ण वाहिनीवर न करता विंधनविहिरीच्या केबलवर करणे शहाणपणाचे ठरेल. तीनशे फूट खाली, लोखंडी केसिंगच्या आत, पाण्याखाली कोणतेही मोबाईल नेटवर्क पोहोचत नाही. पोहोचते ती फक्त पंपाची केबल. तेलविहिरींमध्ये पंपाखाली बसवलेले दाब आणि तापमानाचे सेन्सर आपली मोजमापे पंपाच्याच वीजकेबलवरून वर पाठवतात. मग पाण्याची पातळी तशीच वर का येऊ नये? वेगळी सेन्सर-तार सोडली तर मोटार वर काढताना ती तुटण्याचा धोका असतो; हा प्रश्न येथे उरतच नाही. ही केबल एका मालकाची आणि स्टार्टरपाशी संपणारी आहे. विशेष म्हणजे स्थिर पातळी मोजायची ती पंप बंद असतानाच, आणि तेव्हा केबल शांत असते. कोरड्या विहिरीत मोटार जळण्यापासून वाचेलच. त्याखेरीज रोजच्या पातळीची नोंद हाती आली तर शेवटचे दोन पाणी उसाला द्यायचे की फळबागेला, हा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही. स्टार्टरपासून घरापर्यंतचा टप्पा जेथे नेटवर्क आहे तेथे मोबाईलने खुशाल पुरा करावा.

कृषी विज्ञान केंद्रांनी अशा साधनांच्या चाचण्या हाती घ्याव्यात, पण त्या दुपारी, एका पंपावर आणि नव्या केबलीवर नव्हेत. चाचणी पूर्ण उन्हाळी हंगामाची असावी, जुन्या जोडांची केबल असलेल्या विहिरीवर असावी, कपॅसिटरसह असावी आणि तीन फेज येण्याच्या पहिल्या दहा मिनिटांची नोंद स्वतंत्र ठेवावी. नोंदवहीत किती निरोप पाठवले, किती जसेच्या तसे मिळाले, किती दुरुस्त करून मिळाले आणि किती नाकारले गेले, यांचे रकाने असावेत. पाचवा रकाना चुकीच्या असूनही खऱ्या मानल्या गेलेल्या निरोपांचा. तो भरण्यासाठी कोणीतरी पट्टी घेऊन पातळी हाताने मोजावी लागेल आणि पंप खरोखर चालू आहे का, हे विहिरीवर जाऊन पाहावे लागेल.